अळीचे डोळे

फोडणीत कढीपत्ता तडतडला की सेनगावच्या घरामागचं झाड आठवतं. त्याच्या पानावर बसलेल्या हिरव्या अळीचा फोटो मी मोबाईलला भिंग लावून काढत होतो. तेवढ्यात वडील पाठीवर पंप घेऊन आले. सोयाबीन फवारून उरलेलं औषध ते परसातल्या झाडांवर मारून टाकत. मी त्यांना फोटो मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "हिला डोळे हायेत व्हय? जलमभर मारल्या, पन तोंड एकीचंबी पायलं न्हाई." त्यांनी पंप उतरवून ठेवला. त्या झाडावर पुन्हा कधी फवारलं नाही. खरं तर ते डोळे नव्हतेच, पाखरांना भिववणारे नुसते ठिपके होते. वडील होते तोवर मी हे त्यांना सांगितलं नाही.