चतुराबाईचा मुराळी

अकोल्याकडच्या मालेगावात कापसाच्या जिनात इंद्रभान फिटर होता, आणि फिटरची बायको होणं म्हणजे काय असतं हे चतुराबाईला विचारावं. घरात धड दोन कपबशा नव्हत्या, पण खाटेखाली नट, बोल्ट आणि दात पडलेली चक्रं मावत नव्हती. दुसरी मोठी लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती आणि मिलिटरीचा भंगार माल अजूनही अकोल्याच्या बाजारात यायचा. तिथून इंद्रभान एकदा जीपचं इंजन घेऊन आला, एकदा कुठल्याशा मोडक्या मोटरीचा सांगाडा, तर एकदा नुसतंच स्टेअरिंगचं चाक. वरची पेटी गावच्या सुतारानं सागाच्या फळ्यांची करून दिली. असे ठिकठिकाणचे तुकडे जोडून मोटर उभी राहू लागली, तेव्हा लोकांनी तिचं नाव ठेवलं गोधडी. लोक हसायचे. चतुराबाईला मात्र हसू येत नसे, कारण त्या गोधडीत तिचं माहेर अडकलं होतं.

माहेर कामरगावचं, कारंज्याच्या पलीकडं. लग्नानंतर दिवाळी आली की तिचा धाकटा भाऊ जगदेव घुंगरांच्या बैलांची हलकी दमणी जुंपून तिला न्यायला यायचा. वाटेत एक मुक्काम करावा लागे, तरी यायचा. सासरी गेलेल्या लेकीला असा न्यायला येतो तो मुराळी. तो आला की बाई ताठ मानेनं निघते. तो न येता आपली आपण गेली, तर वेशीपासून घरापर्यंत भेटेल ती बाई एकच विचारते, मुराळी कोण आलं होतं?

एका वर्षी दिवाळी उरकल्यावर इंद्रभान तिला परत आणायला उसनी बैलगाडी घेऊन गेला आणि कामरगावच्या वेशीतच गाडीचा आस मोडला. जगदेव चारचौघांत हसला.

"सोताची गाडी नाई अन् बायको न्याले आला!"

इंद्रभानचं डोकं आधीच तापलेलं. "आता तुया दारात येईन तं सोताच्या गाडीनं. तवरक तुयी बहीन तुया दमनीत बसनार नाई."

"नको बसू दे. मी बी मुराळी येत नाई."

झालं. दोघांचा ताठा राहिला आणि माहेर तुटलं ते मधल्या बाईचं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुरुषांच्या शपथा अशाच असतात, घेतो एक आणि पाळतो दुसरा.

तेव्हापासून वर्षानुवर्षं दिवाळीच्या दिवसांत गल्लीत घुंगरं वाजली की चतुराबाई हातातलं लाटणं टाकून दारात यायची. दमणी दुसऱ्याच कुणाच्या दारात थांबायची. उतरणाऱ्या भावाला ती नजर भरून बघायची, मग आत येऊन करंज्या लाटायला बसायची. आईची, मनकर्णाबाईची, तिला फार ओढ होती. आई डोक्यावरून हात फिरवताना केसांत बोटं घालून जरा ओढायची, ते ओढणं तिला लाटता लाटता आठवायचं.

गेल्या हंगामात कापसाच्या गाड्यांबरोबर कामरगावकडचा एक गाडीवान जिनात आला. त्यानं सांगितलं, "मनकर्णाबाईले आता काईच दिसत नाई. पाय वाजला का इचारते, चतुरा आली का?" त्या दिवशी चतुराबाई जेवली नाही. इंद्रभानही जेवला नाही. दुसऱ्या दिवसापासून गोधडीचं काम झपाट्यानं सुरू झालं.

दिवाळीच्या तोंडावर गोधडी चालू लागली. चतुराबाई नवी चोळी घालून, करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली. किन्हीराजा गाव मागं पडलं आणि तेलाच्या दाबाचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. इंद्रभाननं इंजन बंद केलं.

"काहून थांबले?"

"दाब पडून राह्यला. तेल वर चढत नाई. असंच रेटलं तं लोखंडावर लोखंड घासून इंजन जाम होईल."

"माय आंधळी झाली अन् तुमी काटा पाहून राह्यले?"

त्यानं गाडी माघारी वळवली. थांबत थांबत दोघं परत आली.

मग इंद्रभान कामाला लागला. काटाच खोटा असेल म्हणून त्यानं जिनातला काटा आणून लावला. तोही तसाच पडला. तेल पातळ असेल म्हणून जाड तेल भरलं. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली असेल म्हणून तिच्यामागं वायसरची चकती घातली. पुन्हा दोघं निघाली, पुन्हा किन्हीराजाच्या पुढं काटा पडला आणि पुन्हा माघारी आली. आता एकच शंका उरली होती, बेरिंगा झिजल्याची. तसल्या बेरिंगा आता कुठून मिळणार? ते खरं निघालं तर गोधडी संपली, आणि शपथ तशीच राहणार. म्हणून खालचं तेलाचं चेंबर उघडायला त्याचा हात धजेना. दोन दिवस तो नुसता गोधडीभोवती फिरत राहिला.

चतुराबाईला इंजनातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दोन्ही खेपांना तिनं झाडं पाहिली नव्हती की गावं पाहिली नव्हती. माहेर जवळ येतंय की लांब जातंय हे तो काटाच सांगत होता, म्हणून ती फक्त त्याच्याकडं बघत बसली होती.

"अवो, एक इचारू? आपन थांबून भाकर खाल्ली का मंग तो बरा होते. निंघाल्यावर चांगला वर राह्यते, मंग पडते. पुन्हा थांबलं का पुन्हा बरा. आराम केल्यानं झिजलेलं लोखंड भरून येते काय?"

इंद्रभान तिच्याकडं बघतच राहिला. झिजलेली बेरिंग आरामानं बरी होत नाही. म्हणजे इंजन चालू झालं की तेलाबरोबर काहीतरी ओढलं जातं, नळीचं तोंड बुजवतं आणि इंजन थांबलं की गळून पडतं. तो तसाच गाडीखाली घुसला आणि चेंबर उतरवलं.

तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्यावर सरकी काढलेल्या कापसाचा, रुईचा, काळा चिकट थर बसला होता आणि चेंबरच्या तळाशी तिचेच पुंजके पडले होते. जिनातल्या माणसाला हाताशी येईल ती मूठभर रुई घेऊन सगळं पुसायची सवय. यंत्र असो, हात असो, चहाचा पेला असो. इंजन जोडताना इंद्रभाननं ते आतून असंच मायेनं पुसलं होतं, आणि तीच रुई आत राहिली होती.

"माह्याच हातानं," तो म्हणाला आणि कपाळाला हात लावून खाली बसला.

चतुराबाई रागावली नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि जाळीतली रुई वेचू लागली. जन्मभर कापूस वेचलेली बोटं ती, एक तंतू मागं ठेवला नाही. पुसायला तिनं आईनं दिलेलं शेवटचं लुगडं आणलं. विरून गेलं होतं, पण मऊ होतं आणि त्याचा धागा सुटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी किन्हीराजा गेलं, शेलूबाजार गेलं, कारंजा गेलं. काटा हलला नाही. चतुराबाई रडत होती आणि इंद्रभान समोर बघून गाडी चालवत होता.

गोधडी जगदेवच्या दारात थांबली. शपथेप्रमाणे इंद्रभान स्वतःच्या गाडीनं आला होता, पण कुणी या म्हटल्याशिवाय तो उतरणार नव्हता. चतुराबाई एकटीच अंगणात शिरली. जगदेव दाराशी उभा होता. केस पिकले होते त्याचे. तो बाजूला झाला.

मनकर्णाबाई बाजेवर बसली होती. लेकीचा हात हातात येताच तिनं ओळखलं. गाल चाचपले, केसांत बोटं घालून जरा ओढली, आणि मग लेकीचे हात नाकाशी नेले.

"वंगनाचा वास येऊन राह्यला. दमनीत बसून आली न माय? कोनाची तरी मोटर आली आताच, तिच्या आवाजात घुंगरं ऐकूच नाई आले मले." मग तिनं विचारलं, "मुराळी कोन आलता?"

जगदेवनं मान खाली घातली.

"जगदेव आलता, माय," चतुराबाई म्हणाली. "दुसरं कोन येनार?"

म्हातारीचा चेहरा फुलला. "मले वाटलंच. जगदेव, उभा काहून राह्यला रे? बैलायले पानी पाज आंधी. लांबून आले ते."

जगदेवनं रांजणातून बादली भरली आणि बाहेर गेला. गोधडीच्या नाकातून, पाण्याच्या टाकीतून, वाफ निघत होती. तो बादली घेऊन तिच्यासमोर येऊन थांबला.

"भाऊजी, झाकन कुठी हाय हिचं?"

इंद्रभान खाली उतरला. "आताच नको खोलू. कडक हाय, वाफ अंगावर येईल. जराक थंडी होऊ दे."

जगदेवनं बादली खाली ठेवली. दोघं गोधडीला टेकून उभे राहिले आणि ती थंड व्हायची वाट बघू लागले.