झऱ्यांची शीट

दोन दिवसांच्या ऑनलाइन प्रशिक्षणानं माझं डोकं फिरवलं. एकाच कागदावर चाळीस जणांनी एकाच वेळी लिहायचं, एकमेकांच्या चुका दुरुस्त करायच्या, आणि तो कागद कुणाच्या दप्तरात चुरगळायचा नाही, हे बघून मी हरखून गेले. भोरच्या कॉलेजात मी अकरावीला भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये तोवर मला कुणी आधुनिक म्हटलं नव्हतं.

मुलांना प्रकल्प दिला: आपापल्या गावातले वैशाखातही न आटणारे झरे शोधा. शीट तयार केली. झऱ्याचं नाव, जमीन कुणाची, पाणी कधीपर्यंत, जायचं कसं. निम्म्या मुलांकडे स्वतःचा ईमेल नव्हता, वडिलांच्या नाहीतर भावाच्या मोबाईलवर काम चालायचं. म्हणून 'लिंक असलेल्या कुणालाही लिहिता येईल' असं ठेवून दिलं. कटकट मिटली, असं मला वाटलं. ती लिंक पुढे कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरली, देव जाणे.

सगळ्यात सुरेख ओळ वेल्ह्याकडच्या एका मुलीची होती. तिच्या वाडीत सहा घरं आणि उन्हाळ्यात प्यायला तो एकच झरा. तोही भावकीतल्या एकाच्या पडीक रानात, आणि मालक शहरात. तिनं आईला विचारून वाट लिहिली होती: मोठ्या जांभळीखालून डावीकडे, दोन कातळांच्या मधून. झऱ्याचं नावही असं, की त्या सहा घरांबाहेर कुणाला ठाऊक नसावं. मी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. पोर लाजली.

एका दुपारी शीट पडद्यावर लावली होती. शीटमध्ये कुणी शिरलं की तो जिथं असेल तिथला चौकोन रंगीत दिसतो. मोबाईल मी सगळ्यांना दप्तरात ठेवायला लावले होते. तरी 'जमीन कुणाची' या रकान्यातून एक नारिंगी चौकोन हळूहळू खाली येत होता. नाव नव्हतं. एकेका ओळीवर थांबायचा, पुढे सरकायचा. बाराव्या ओळीवर आला आणि हललाच नाही.

"मॅडम, ती माजी ओळ हाय," मुलगी म्हणाली.

मला ते खटकलं, खोटं कशाला बोलू? पण मी पडले शहाणी! "कुणीतरी संशोधक असेल," मी म्हणाले, "आपलं काम लोकांना आवडतंय." मुलं खूश झाली. लिंक बंद केली असती तर ईमेलसाठी पुन्हा माझ्यामागे भुणभुण, म्हणून मी ती तशीच राहू दिली.

पंधरा दिवसांनी ती वर्ग सुटल्यावर थांबली.

"मॅडम, वाडीत पांढरी गाडी आल्ती. तिगं जण हुते. त्यांनी कुनाला वाटच इचारली न्हाई. जांभळीखालनं थेट डावीकडं वळले."

"मग?"

"जाताना एकानं झऱ्याचं नाव घिऊन आईला इचारलं, मे म्हैन्यात ह्याला धार किती असती?"

मी त्याच दिवशी शीट पुसून टाकली. पण कुणी प्रत करून घेतली असेल तर माझ्या पुसण्याला कोण विचारतो? पुढचे दोन महिने मी धास्तीत काढले. एसटी हायवेवर शिवऱ्याला थांबली की खिडकीतून विक्रीच्या प्लॉटच्या पाट्या वाचायचे, त्यात झऱ्याचं ते नाव शोधायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला मालकानं रान विकलं. आठवड्याभरात तारेचं कुंपण आलं आणि झऱ्यावर मोटर बसली.

मुलीची आई कॉलेजात आली. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. "मी येते तहसीलला, अर्ज लिहून देते," मी घाईघाईनं म्हणाले.

"नगं बाई. तुमी आता काय बी लिवू नगा." आवाज चढलेला नव्हता. "सासूनं मला ती वाट दावली, तवा मला नांदून चार वर्सं झाल्ती. लेकीनं अब्यासाला मागितली, म्हनून म्या एका दमात सांगून टाकली."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

वार्षिक परीक्षेआधी उजळणी घेताना मी त्या मुलीला सहज विचारलं, "तुमच्याकडे नाचणी कुठल्या उतारावर लावतात?" कळायला लागल्यापासून ती घरच्या नाचणीच्या रानात राबते.

"म्हाईत न्हाई, मॅडम," माझ्या डोळ्यांत बघत ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलेल्या तिकडच्याच मुलीला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.