दयानंदने बुजवलेलं भोक

फाटलेलं जाळं दयानंदला बघवलं नाही, इथूनच सगळं बिघडलं. हेतू चांगला होता म्हणे. हेतूला कोण विचारतं?

दयानंद मूळचा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. चौदा वर्षं मस्कतमध्ये सुतारकाम करतोय. प्रदर्शनं उभारून देणाऱ्या एका कंपनीत आहे. काचेच्या पेट्या बसवायच्या, भिंती रंगवायच्या, छताला तारा ओढायच्या, सगळं तोच करतो. घरचा धंदा मात्र मासेमारीचा. बापाने अक्षरओळख व्हायच्या आधी हातात जाळ्याची सुई दिली होती, आणि बापाचा नियम एकच होता: फाटलेलं जाळं दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. घरात ताप असो नाहीतर लग्न असो.

त्या आठवड्यात संग्रहालयात किनाऱ्यावरच्या लोकांच्या कलेचं प्रदर्शन लागत होतं. एका दालनात जुन्या वस्तू: खजुराच्या झावळ्यांची होडी, मासे धरायचे पिंजरे, बायकांची चांदीची कडी. पुढच्या दालनात त्याच गावांतल्या तरुण मुलामुलींचं नवं काम. या नव्या दालनासाठी खोक्यातून एक जुनं सुती जाळं आलं. मधोमध लहान मूल आरपार जाईल एवढं भोक.

"जेवण झालं की टांगून टाका, यल्ला, लवकर," म्हणून मॅनेजर अंबरीश निघून गेला. जाळ्याची माहिती देणारी पाटी अजून छापून यायची होती.

दयानंदने डबा उघडलाच नाही. भोकाच्या कडेने लोंबणारी कुजकी टोकं त्याने आधी कात्रीने छाटली. कड साफ केल्याशिवाय नवी गाठ धरत नाही, हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. मग स्टोअरमधला तसाच मळकट दोरा घेऊन एकेक घर विणत गेला. चहाच्या वेळेपर्यंत भोक बुजलं. जाळं टांगलं आणि फोटो काढून गावी भावाला पाठवला. भावाने अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमामा आली. पंचविशीतली ओमानी मुलगी, बातिना किनाऱ्यावरची, तिथल्या बऱ्याच जणांसारखी हिंदी बोलणारी. हे काम तिचं. तिने वर बघितलं आणि तिला क्षणभर वाटलं, कुणाचं तरी दुसरंच जाळं लावलंय.

"ये किसने किया?"

मग दयानंदला कळलं. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या आजोबांचा बारा वर्षांचा मुलगा पाण्याखाली या जाळ्यात अडकला होता. आजोबांनी बुडी मारून सुरीने जाळं कापलं. मुलगा हाती आला, पण श्वास नव्हता. म्हाताऱ्याने ते जाळं सांधलं नाही, टाकलंही नाही. उमामाला दाखवायचं होतं ते भोकच.

अंबरीशने दयानंदला शेजारच्या दालनातल्या होडीमागे ओढलं. "तुम्हाला टांगायला सांगितलं होतं की रफू करायला?"

"फाटलेलं होतं, सर."

"फाटलेलं होतं! पलीकडे फुटका रांजण आहे, त्याला सिमेंट थापलं नाहीत, उपकार झाले. आता उसवा सगळं."

"उसवतो. पण मी टोकं छाटली."

"कसली टोकं?"

"त्यांनी सुरीने कापलेली. बोटभर, सगळीकडून. सफाईवाल्या सिराजने काल कचरा नेला, त्यात गेली."

अंबरीशने होडीआडून उमामाकडे एकदा डोकावून घेतलं. "बोटभर ना? हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्याला सांगायचं कारण नाही."

दिवसभर दयानंद गाठी सोडवत बसला आणि उमामा शेजारी फरशीवर बसून बघत राहिली. भोक पुन्हा मोकळं झालं तेव्हा तिने डोळे पुसले. "शुक्रिया, भैया." तो शुक्रिया दयानंदला वादी अदाईतल्या घरापर्यंत टोचत गेला.

घरी बायकोने, विशाखाने, सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "जाळां दिसलां की हात वळवळतत तुमचे! कोणी सांगल्यान होतां?"

"फाटलेलां तसांच टांगूक हात उठाक नाय माझो."

"आता गप ऱ्हवा. म्हैन्यान व्हिसाचां काम आसा, कागद सायबाच्याच हातात."

तो गप्प राहिला. उद्घाटनाच्या आदल्या सकाळी उमामा आजोबांना घेऊन आली तेव्हाही तो शिडीवर गप्पच होता. म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसत असे. त्याने हात पुढे केला आणि भोकाच्या कडेवरून बोटं फिरवत नेली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली, मग अरबीत काहीतरी म्हणाला. उमामा हसली, त्याला समजावू लागली. तो मान हलवत राहिला. तिचा आवाज चढला.

"क्या हुआ?" अंबरीशने विचारलं.

"बोलते हैं, ये मेरा जाल नहीं है," उमामा ओशाळून म्हणाली. "उमर हो गई. आजकल भूल जाते हैं."

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. स्वतःच्याच बोटांकडे असं बघू लागला, जणू ती आता भरवशाची राहिली नाहीत. ते मात्र दयानंदला सोसवलं नाही. अंबरीश डोळे वटारत असताना तो शिडी उतरला.

"भूले नहीं हैं. जाल उनका ही है. पर किनारा मैंने काटा है, कात्री से."

उमामाने ते अरबीत सांगितलं. सांगताना तिचा चेहरा बदलत गेला. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं: कापलेलं कुठे आहे?

"फेंक दिया."

म्हाताऱ्याने दयानंदचा उजवा हात धरला आणि दोरा ओढून घट्टा पडलेलं बोट चाचपलं. जाळं विणणाऱ्याचा हात त्याला ओळखू आला. तो हळू बोलला, आणि उमामाने दयानंदकडे न बघता ते हिंदीत सांगितलं. सगळी जाळी मी अशीच साफ करून सांधली. हे एक ठेवलं होतं. सुरीने कापलं तेव्हा मुलगा माझ्या हातात होता.

मग तो म्हणाला, "उतरव."

दयानंदने जाळं उतरवलं, घडी घातली, खोक्यात ठेवलं. खोकं गाडीपर्यंत न्यायला तो पुढे झाला, तर उमामाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः उचलून नेलं.

उद्घाटनाला त्या भिंतीवर दिवा आणि पाटी एवढंच होतं. दयानंदच्या व्हिसाचे कागद अंबरीशने अजून पुढे पाठवलेले नाहीत. त्यानेही विचारलेलं नाही.