जिताड्यांचा ऑक्सिजन

मासे साफ केले की हात कितीही धुवा, संध्याकाळी कोपरावर एखादा खवला चिकटलेला सापडतोच. आमच्या फार्मचे किस्से तसेच आहेत. धुऊन जात नाहीत.

आमचे हे सिंगापूरच्या उत्तरेच्या खाडीत, तरंगत्या मासे-फार्मवर मॅनेजर आहेत. सी-बास वाढवतात, म्हणजे आपला जिताडा. आम्ही राहतो चोआ चू कांगला. मी, हे आणि चार वर्षांची जुई.

* * *

मी सातवी पास आणि हे फिशरीजचे एम.एस्सी.! पेणजवळ माझ्या बापाचं जिताड्यांचं तळं. तिथे हे अभ्यासाला आले होते. बाप म्हणाला, "साहेब, मासा काय बघता? आधी पाणी बघा."

ह्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि चार महिन्यांनी मला मागणी घातली.

पोरगी देताना मात्र बापाने पाणी बघितलं नाही. नुसता मासा बघितला!

* * *

फार्मवर माशांच्या पिंजऱ्यांत मीटर सोडलेले आहेत. ऑक्सिजन कमी झाला की ह्यांचा फोन बोंबलतो. जुईच्या तिसऱ्या वाढदिवसाला केकवर सुरी टेकवली आणि फोन बोंबलला. हे चपला हातात घेऊन लिफ्टकडे पळाले.

इथल्याच सेरंगून भागातून आलेल्या कुलकर्णी वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "इमर्जन्सी? डॉक्टर आहेत वाटतं!"

"हो," मी म्हटलं, "पण पेशंट बोलत नाहीत."

* * *

ह्याच वहिनी पुढे फोन करून म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे सॅल्मन मिळेल का? मुलांच्या मेंदूला चांगला."

"वहिनी, सॅल्मन बर्फाळ देशातला. इथल्या पाण्यात उकडून निघेल."

"मग उकडलेलाच दे की!"

मी ताजा जिताडा नेऊन दिला, साफ करून, तुकडे पाडून. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'थँक्स गं. मेडला दिला. आम्हाला जरा वास आला.'

आमच्या पेणकडे जिताडा मामलेदाराला आणि जावयाला देतात!

* * *

मालकाला इथे टॉके म्हणतात. चिनी नववर्षाला टॉके घरी आला, जुईच्या हातात दोन संत्री दिली आणि हसत हसत मला हिशोब समजावला, "मासा मेला तर फार्म नाही. फार्म नाही तर वर्क पास नाही. पास नाही तर बेबी गो होम!"

हे पण हसले. मी संत्री सोलली. आंबट निघाली.

* * *

जुईला दमा आहे हे त्यानंतर कळलं. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घ्यायला सांगितलं. ह्यांनी फ्रिजवर ऑक्सिजनच्या आकड्यांचा तक्ता चिकटवला. डावीकडे फार्म, उजवीकडे जुई.

एकदा यंत्र लावून म्हणाले, "चौऱ्याण्णव. चालेल, पिंजरा दोनपेक्षा बरं आहे."

"अहो, पोरगी आहे ती!"

"मग? काळजी तीच लागते."

लागते ना. पण पिंजऱ्याला फोन आहे. पोरीला फक्त मी. झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसते.

* * *

बालवाडीच्या टीचरने बोलावून घेतलं. बाबा काय करतात, ह्यावर जुईने वर्गात सांगितलं होतं, "एव्हरी मॉर्निंग माय पापा काउंट डेड फिश."

"घरी सगळं ठीक आहे ना?" टीचरने हळूच विचारलं.

मी म्हटलं, "मोजदाद चुकत नाही त्यांची."

* * *

ह्या वर्षी खाडीचं पाणी चहासारखं झालं. शेवाळ फुटलं की ते सगळा ऑक्सिजन पितं. हे पहाटेच बोटीने गेले. दहा वाजता जुईची छाती भात्यासारखी चालायला लागली. पंप दिला, पुन्हा दिला. यंत्रावर एकोणनव्वद.

फोन केला. मागे फार्मवरच्या पंपांचा धडधडाट. हे ओरडले, "किती?"

"एकोणनव्वद!"

म्हणाले, "अॅम्ब्युलन्स बोलाव. बोट एकच आहे, ती ऑक्सिजनचे सिलिंडर आणायला गेलीय."

शेजारच्या चिनी आंटीने जुईच्या चपला उचलल्या आणि अनवाणीच आमच्याबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये चढली.

हे दुपारी वॉर्डात आले. गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगाला मेल्या माशांचा वास. आधी मॉनिटर बघितला, मग पोरगी.

"सत्त्याण्णव," म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"तिकडे किती गेले?"

तेवढ्यात खिशातला फोन बोंबलला. नर्स धावत आली आणि जुईचं मशीन तपासायला लागली. ह्यांनी फोन बंद केला नाही. हातात धरून नुसते बघत राहिले.

जुईने दोन्ही हातांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पापा, धिस वन गिव्ह फिश लाह. आय फिनिश ऑलरेडी."