मधला अडत्या काढणारे युसूफभाई

युसूफभाई काहीही ऐकवायच्या आधी पंखा बंद करायचे. मग सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या खोलीत. मग टोपी सारखी करून म्हणायचे, "आते कोणी मधी बोलानं नही!" धुळ्यात त्यांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, पण नाद काही सुटला नाही. जुन्या कंप्युटरवर लिनक्स टाकून हा माणूस दिवसभर आवाजाच्या मागे.

मी सोनगीरचा तांबट. शाळा चौथीपर्यंत, पण हंडा ठोकला की पत्रा कुठे जाड राहिला ते नुसत्या आवाजावर सांगतो. थोरला भाऊ आणि मी हंडा घडवत असताना युसूफभाईंनी एकदा तो आवाज भरून घेतला होता. भाऊ गेल्यावर मी मुलाला घेऊन तो ऐकायला धुळ्याला गेलो. पहिल्याच ठोक्याला म्हणालो, "हा आमचा हंडा नाही. ठोका बरोबर आहे, पण मागचा घुमारा तुटतोय."

मुलगा हसला. "नाना, तुमचे कान गेले. आता कानाला मशीन लावू."

तांबटाचा कान गेला म्हणजे राहिलं काय? मी उठून चपला शोधू लागलो.

युसूफभाई मात्र हसले नाहीत. "बसा नाना. तुमना कान खोटा नही शे. कंप्युटरना पोटमा अडत्या बसेल शे!"

मग त्यांनी समजावलं. आवाज फाईलमधून सरळ बाहेर येत नाही. मधे एक प्रोग्राम बसतो, सगळ्यांचे आवाज गोळा करून आपल्या मापात बसवतो. त्यात पडद्यावरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी कोणीतरी पार खाली ओढून ठेवलेली. घुमाऱ्याची बारीक शेपटी तिथेच छाटली जाते.

"पण पुरावा लागी," ते म्हणाले. बाहेर गेलेला आवाज त्यांनी तारेने परत आत घेतला आणि मूळ आवाजातून वजा केला. माल पुरा पोचला असेल तर बाकी शून्य. आम्ही कान लावले. खर्रर्र! "देखा, इतला माल खादा त्यानी!"

त्यांनी पडद्यावरची पट्टी पूर्ण वर नेली, मधला प्रोग्राम बाजूला सारून वाट सरळ कंप्युटरमधून आवाज बाहेर काढणाऱ्या डबीला जोडली आणि पुन्हा वजाबाकी केली. काही नाही. एक कण नाही! ती शांतता ऐकून आम्ही दोघं म्हातारे टाळ्या पिटत होतो आणि मुलगा बघत होता. मग त्यांनी हंडा लावला. ठोका पडला, घुमारा निघाला आणि मागे भावाने घेतलेला श्वास ऐकू येईपर्यंत टिकला. मुलाकडे वळून मी एवढंच म्हणालो, "मशीन कोणाला लावायचं रे?"

पुढे युसूफभाई मुलीकडे बोदवडला गेले आणि अंथरुणाला खिळले. मी फोनवर म्हटलं, "हंडा ऐकवू का?"

"फोनवर? नाना, फोन म्हंजे अडत्यासना बाजार!"

मग मीही हट्टाला पेटलो. भावाच्या हातचा तोच हंडा पोत्यात बांधला, हातोडी घेतली आणि एसटी बदलत बोदवड गाठलं. ती आमची शेवटची भेट. मुलीने न सांगता पंखा बंद केला. मी खाटेजवळ बसून एक ठोका मारला. त्यांनी डोळे मिटून बोट वर धरलं आणि घुमारा पुरता विरेपर्यंत खाली आणलं नाही.

"बठ्ठा उना नाना, बठ्ठा!" घुमारा सगळाच्या सगळा पोचला या आनंदात ते उठून बसायला धडपडू लागले. "आजून एक मारा!"

दारात शेजारी गोळा झाले होते. मी हातोडी उचलली.