माझ्या व्याह्यांचा उजवा पाय

माझ्या व्याह्यांइतका चीड आणणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि कुणाला सापडलाच असेल तर त्याने मला येऊन भेटावं, आपण दोघं मिळून रडू. बरं, चीड येऊन करता काय? मुलीचा सासरा! एरवी मी जालन्याच्या बाजारातला बियाण्यांचा दुकानदार, गिऱ्हाइकाला चारचौघांत फैलावर घेणारा. पण वडीगोद्रीहून हे गृहस्थ आले की "या सोयरे, बसा सोयरे" करत दात काढून उभा. राग गिळून गिळून मला ॲसिडिटी झाली. तिच्यावरचं औषधसुद्धा ह्यांनीच सुचवलं.

ह्यांना मधुमेह होऊन कैक वर्षं झाली, पण मान्य कुणाला आहे? "मशीन तापलं की साखर जास्ती दाखवतं," असं म्हणून तपासणी फक्त थंडीत करायची. अंतरवाली सराटीच्या चौकात बसलं की बिनसाखरेचा चहा म्हणजे चहावाल्याचा अपमान, म्हणून गोड चहा. आणि एका टपरीवर घेतला की शेजारच्याला वाईट वाटू नये म्हणून तिथेही. जायचं सगळीकडे पायी, तेही चपला काखेत मारून. "चपलेनं माणूस नाजूक होतो, सोयरे." आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा तो बाभळीच्या काट्याचा खेळ. लेकरं जमवायची, काट्यावर उघडा पाय ठेवायचा आणि विचारायचं, "लागतंय का मला? बिलकुल न्हाई!" लेकरं टाळ्या पिटायची, मोठी माणसंही कौतुकानं बघायची. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. "सोयरे, हे लक्षण चांगलं नाही," म्हटलं तर म्हणायचे, "तुम्ही शहरातले. तुमची कातडीच पातळ."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून त्याचे पाय परातीत धुवायचे, ही आमच्याकडची रीत. जावयाबरोबर हेही आले, मग ह्यांना कोरडं कसं ठेवणार? बसलो परात घेऊन. डावा पाय धुतला, गार होता. उजवा हातात घेतला आणि दचकलोच. तव्यासारखा ऊन, लाल, सुजून टम्म! तळव्याची कमान पार बसलेली, मधोमध फुगवटा आणि त्या फुगवट्यावर एक जखम.

"हे काय, सोयरे?"

"काय न्हाई. उन्हातून आल्तो ना."

"मग डावा काय सावलीतून आला?"

माझा आवाज चढला तशी बायकोनं मला कोपरानं ढोसलं. व्याही मात्र मजेत. "बांधावरून उतरताना मुरगळला आसंल. गावातला एक जण रोज चोळून देऊन राह्यला. दुखत तर न्हाई ना! मंग दुखत न्हाई त्याला दाखवायचं काय?"

पुरण तसंच ठेवून आम्ही त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं उभ्या उभ्या पायाकडे बघितलं, हाडात पू झालाय म्हणाला, पाय काढावा लागेल म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ना फोटो, ना रक्त. अरे, ढेकूळ फोडताना तरी माणूस वाकून बघतो! जावई तिथेच बाकावर बसून रडायला लागला. आणि व्याही काय म्हणाले असतील? "काढू द्या. तसा बी दुखत न्हाई."

इतक्या वर्षांचा गिळलेला राग तिथे भसाभसा बाहेर पडला. "गप बसा!" मी ओरडलो. "पाय काय तुमच्या एकट्याचा आहे? घरात बसून तुमच्या पोराला, माझ्या पोरीला जन्मभर तुमच्या कुबड्या बघायला लावणार?" सगळा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला. मी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना गाडीत घातलं.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा तापट निघाल्या, हे फार बरं झालं. "हाड सडलंय की सांधा मोडलाय, हे आधी ठरवू. दोन्हींत पाय असाच दिसतो, इलाज मात्र पार वेगळा," त्या म्हणाल्या. पाय उशांवर उंच ठेवून थोडा वेळ थांबल्या, तर लाली उतरत गेली; पू असता तर उतरली नसती, म्हणाल्या. जखमेत बोथट सळई घालून पाहिली, ती हाडाला टेकली नाही. मग रक्त, मग फोटो, मग एमआरआय. हाडात पू नव्हता. मधल्या सांध्यांचा मात्र चहात पडलेल्या बिस्किटासारखा चुरा झाला होता, आणि हा माणूस त्या चुऱ्यावर अंतरवालीपर्यंत चालत जात होता. प्लास्टर घातलं आणि पाय मुळीच टेकवला नाही तर वाचेल, टेकवला तर जाईल, असं बाईंनी बजावलं.

"नसा मेल्यात काका तुमच्या, म्हणून कळलं नाही."

"काय बोलता! मला सगळं कळतं बराबर."

बाईंनी नायलॉनचा एक दोरा दाखवला. "डोळे मिटा. तळव्याला हा लागला की हां म्हणा."

व्याह्यांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "हां." मग जरा घाईनं, "हां, हां, लागलं." मी बाईंकडे बघत होतो. दोरा टेबलावर होता आणि त्यांचे हात कोटाच्या खिशात.

"उघडा डोळे. मी अजून सुरुवात केली नाही, काका."

व्याही एकदा दोऱ्याकडे बघत राहिले, एकदा पायाकडे. सल्ला नाही, विनोद नाही. "घाला प्लास्टर," एवढंच म्हणाले.

प्लास्टर बदलायला सोयीचं म्हणून ते आमच्याच घरी राहिले. पार दिवाळीपर्यंत खुर्चीत बसून त्यांनी माझ्या दुकानाच्या हिशेबापासून बायकोच्या फोडणीपर्यंत सगळ्यांत नाक खुपसलं, पण पाय खाली टेकवला नाही. पाय वाचला. वाकडा जुळला, पण वाचला.

यंदाच्या उन्हाळ्यात ते पुन्हा राहायला आले. परवा दुपारी मी वाळवण उचलायला अनवाणी गच्चीवर गेलो आणि फरशीचा असा चटका बसला की उड्या मारत, शिव्या देत जिन्याकडे पळालो. व्याही जिन्याशी सावलीत बसले होते. मला वाटलं, आता हसणार, पातळ कातडीवरून बोलणार. मी भांडायच्या तयारीनंच पाय चोळत उभा राहिलो.

"लई भाजलं का, सोयरे?"

"भाजणार नाही तर काय!"

ते माझ्या तळव्याकडे बघत होते, हलवायाच्या दुकानापुढं उभ्या लेकरानं बघावं तसं. मग हळूच म्हणाले, "कसं लागतं वो ते? सांगा की जरा. मला तर आता आठवत बी न्हाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी जिन्यावर बसलो आणि सांगायला लागलो, पण नीट सांगता येईना.