दुसरी पुडी

माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी छत्तिशीत होते. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात ऑपरेशन करून टाका, थांबू नका. आमच्या गल्लीत तेव्हा नुकताच एसटीडी बूथ निघाला होता. तिथून नवऱ्याने मद्रासच्या एका डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. मला तेवढं पुरेसं होतं. सासूबाईंना मात्र देवीला विचारायचं होतं.

आमच्या तंजावरात हे असं विचारतात: एक पांढरं आणि एक लाल फूल वेगवेगळ्या पानांत गुंडाळून देवीच्या, म्हणजे अम्मनच्या, पायाशी ठेवायचं आणि एक पुडी उचलायची. पांढरं निघालं तर होकार, लाल निघालं तर नकार. उरलेली पुडी उघडायची नसते. घरात मराठी बोलणारे आम्हीसुद्धा हा तमिळ रिवाज पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलोय. मुलीचं स्थळ असो की नवी विहीर, आधी फुलं.

मी शाळेत गणित शिकवायचे. माझ्या जिवाचा निकाल दोन पुड्यांवर लावायचा म्हणजे कहरच होता. पण देवीला मीही मानायचे. तिला हात जोडल्याशिवाय शाळेला निघत नसे. घरात वाद नको म्हणून गेले.

पुड्या सासूबाईंनी घरूनच बांधून आणल्या होत्या. मी त्यातली एक उचलली. लाल कण्हेर.

"पाहिलेंस? अम्मन नको म्हणते," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिला इतकी वर्षं हात जोडले ती मला मर म्हणेल? मला पटेना. मी हात लांबवून दुसरी पुडीही उचलली. पुजारी "अय्यो, कूडादु! असं करू नये!" म्हणून ओरडला, तोवर मी पान उलगडलं होतं.

तीही लाल.

सासूबाईंनी माझा हात धरला. "मज भय वाटलें गं. माझी बहीण आपरेशनास गेली ती परत आली नाहीं. तूंही गेलीस तर?"

"देवीच्या नावावर तुम्हीच मला मारायला निघाला होतात, अम्मा."

पुजाऱ्यासमोर बोलले, आणि ते शब्द मी आजही मागे घेत नाही. त्यांचा माझ्यावर जीव होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कुणाच्या जीव लावण्याने गाठ विरघळत नाही. निघताना मी देवीला म्हटलं, मी माझं करते, तू तुझं कर. आठव्या दिवशी ऑपरेशन झालं.

टाके काढून घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. भात कालवून दिला आणि भीत भीत विचारलं, "आणि खरेंच देवीनें नको म्हटलें असतें तर?"

"तर तिच्याशी भांडले असते, अम्मा. ऑपरेशन करून आल्यावर."